छिन्नीची खूण

केनवड
२१ मार्च १९७६

प्रिय जावईबापू दौलतराव यांना इंद्रभानचा सप्रेम जयभीम.

पत्राला फार उशीर झाला, माफ करा. तुमचं कार्ड आलं त्याला दीड वर्षाच्या वर होऊन गेलं. गंगू बाळंत झाली, मुलगी झाली, नाव लीला ठेवलं, दोघी खुशाल आहेत, एवढंच त्यात होतं. चार ओळींच्या कार्डाला उत्तर द्यायला मला एकोणीस महिने लागले. कारणं पुष्कळ सांगता येतील, डोळ्यांचं, कामाचं, तुमच्या सासूबाईच्या, कस्तुराबाईच्या गुडघ्याचं. पण तुम्ही एस.टी.च्या डेपोत इंजिनं खोलणारे माणूस आहात, खोटं कारण तुम्हाला लगेच कळेल. कार्ड मी बाबासाहेबांच्या तसबिरीमागे खोचून ठेवलं आहे. रोज हात तिकडे जातो आणि रोज मागे येतो. मी चौथी नापास, सलग लिहायची सवय नाही. हे पत्र तीन दिवसांपासून लिहितो आहे, त्यात दोन कागद फाडले. अक्षर लागलं नाही तर गंगूला वाचायला द्या. नाही, आधी तुम्हीच वाचा. तिला मग द्या.

आधी गाडीचं सांगतो, कारण सगळं तिथूनच निघालं आहे. आपली काळी मोटार दिवाळीपासून मरगळली होती. पूर्वी पाच सवाऱ्या आणि तुरीचं पोतं घेऊन मालेगावकडचा चढ टॉपमध्ये चढायची. आता दोन सवाऱ्यांना सेकंड गिअर टाकावा लागे आणि तरी दम्याच्या माणसासारखी धापा टाके. पेट्रोल मात्र घटाघट पिई. तांड्यावरचा भाऊसिंग दर बाजाराला वाशीमला जातो, तो मागच्या सीटवरून बोलल्याशिवाय राहत नाही. म्हणाला, "इंद्रभानदादा, उतरून ढकलू काय? तशा बी माह्या बकऱ्या मोटारीच्या पुढं निघून गेल्या." सगळे हसले. मी म्हणालो, "मंग बकरीवर बसून जा." पण मनात चरफडलो. ही मोटार मी घेतली तेव्हा गावात दुसरी मोटार नव्हती. ज्यांच्या ओसरीवर मी कधी टेकलो नाही ते लोक कोर्टाच्या तारखेला घाईघाईने माझ्या मांडीला मांडी लावून बसले आहेत. त्या मोटारीला बकरीने मागे टाकावं, हे मला सहन झालं नाही.

मग मी लागलो मागे. कार्बोरेटर दोनदा खोलून धुतला. प्लग तासले. पॉइंट काडेपेटीच्या खरखरीत बाजूने घासले, कंडेन्सर बदलला, पेट्रोल पंपाचा पडदा पाहिला. सगळं ठीक. ठीक असूनही गाडी ओढत नाही याच्याइतकी चीड आणणारी गोष्ट नाही. बिघाड दिसला तर माणूस त्याच्याशी भांडतो, न दिसला तर घरच्यांशी भांडतो. कस्तुराबाईशी मी रोज भांडत होतो. ती अलीकडे तोंडातल्या तोंडात बोलते, एक शब्द धड लागत नाही, आणि मी परत विचारलं की नुसती बघत राहते. शेवटी माघात एका सकाळी मला व्हॅक्यूमच्या डबीची आठवण झाली.

तुमच्या डिझेलला ठिणगीच नाही, म्हणून फोड करून सांगतो. डिस्ट्रीब्यूटर, म्हणजे चारी प्लगांना ठिणगी वाटणारा डबा, त्याच्या कुशीला पेढ्याच्या डबीएवढी एक गोल पत्र्याची डबी असते. आत फुग्यासारखं पातळ रबर. कार्बोरेटरपासून तिला एक बारीक नळी येते. इंजिनाने हवा ओढली की रबर खेचलं जातं, त्याला जोडलेली आकडी आतली पट्टी फिरवते आणि ठिणगी थोडी आधी पडते. ठिणगी वेळेवर आधी पडली तर गाडी उचलते. रबर फाटलं की डबी नुसती शोभेला. तपासायची रीत माझ्या उस्तादाने शिकवली होती, लढाईच्या काळात आम्ही कोळशाच्या गॅसवर बस चालवत होतो तेव्हाची गोष्ट. नळी तोंडात धरायची, जोरात ओढायचं आणि टोक जिभेने बंद करायचं. रबर धड असेल तर जीभ चिकटून राहते. माझी जीभ चिकटली नाही. पेट्रोलच्या वासाची हवा नुसती येत राहिली. कस्तुराबाई अंगण झाडत होती, म्हणाली, "आता मोटारीचं दूध पिऊन राह्यले काय?" हे मात्र मला नीट कळलं, कारण ती अगदी समोर येऊन बोलली.

डबी बदलायची म्हणजे नवी मिळाली पाहिजे. वाशीमच्या दुकानदाराने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाला, ही कोणी बदलत नाही, नळीचं टोक ठोकून बंद करा आणि चालवा. चालवा म्हणे. मी अकोल्याला गेलो. आता माझा मूर्खपणा ऐका. आयुष्यभर माझी सवय, दुकानात जाताना हात आणि वस्तू स्वच्छ पाहिजे. लहानपणी ज्याला दुकानदाराने लांबून पैसे टाकायला लावले तो माणूस मळकट वस्तू घेऊन काउंटरजवळ जात नाही. म्हणून जुनी डबी मी रात्रभर रॉकेलमध्ये बुडवली, सकाळी चिंचेने आणि राखेने घासली, वरून पॉलिश पेपर मारला. चांदीच्या करंड्यासारखी चमकवून नेली. अकोल्याच्या माणसाने हातात घेतली, फिरवून पाहिली आणि विचारलं, "बाबा, नंबर कुठे आहे?" त्या डबीवर बारीक इंग्रजी आकडे ठोकलेले असतात, कोणत्या डबीचं रबर किती ओढतं ते त्यावरून कळतं. ते आकडे मी माझ्या हाताने घासून काढले होते.

मग अंदाजाने एक दिली. घरी येऊन बघतो तर आकडी बोटभर लांब. परत गेलो. दुसऱ्या वेळी दुकान बंद, कोणाचं तरी लग्न. तिसऱ्या वेळी बसेल अशी मिळाली. प्रत्येक वेळी मालेगावला बस बदलायची, प्रत्येक वेळी उभं राहून जायचं. मालेगावच्या स्टँडवर एका सायकलवाल्याने मला जवळजवळ पाडलंच. वर तोच माझ्यावर ओरडला, "घंटी आयकू येत नाही काय, बुढ्या?" मी त्याला चार शब्द सुनावले. घंटी वाजवली असती तर मी बाजूला झालो नसतो काय? आजकाल कोणी घंटी वाजवत नाही. तसंच घड्याळाचं. वाशीमहून गजराचं नवं घड्याळ आणलं होतं, चाललं पण टिकटिक नाही. परत द्यायला गेलो तर घड्याळजीने कानाला लावलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा कागदात बांधून दिलं. अशी माणसं झाली आहेत.

डबी बसवताना आणखी एक ताप. ती एका लहानशा स्प्रिंगवर आणि कडीवर बसते. मी कडी काढली आणि स्प्रिंग उडाली. कुठे गेली ते कळलं नाही, खाली पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही. मी गुडघ्यांवर बसून सारं अंगण चाचपलं. ओट्यावर ज्वारी पाखडत बसलेली कस्तुराबाई उठली, सरळ रांजणाच्या मागे गेली आणि स्प्रिंग आणून माझ्या हातात ठेवली. पडताना वाजली म्हणे. मला वाटलं, या बाईचे कान मांजराचे आहेत.

आता टायमिंग. डबी बदलली की टायमिंग नव्याने लावावं लागतं. पुलीवर त्याची खूण असते हे मला ठाऊक आहे, पण आपल्या गाडीची पुली दुसऱ्या गाडीची आहे, तिच्या खुणेवर भरवसा नाही. आणि मी कधी खुणेवर लावलंही नाही. मी कानाने लावतो. सपाट रस्त्यावर गाडी टॉपमध्ये हळू करायची आणि एकदम अॅक्सिलरेटर दाबायचा. ठिणगी फार आधी पडत असेल तर इंजिनात किणकिण होते, पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखी. ती जरा येऊन लगेच गेली पाहिजे. किणकिण येईपर्यंत डिस्ट्रीब्यूटर पुढे फिरवायचा, आली की केसभर मागे घ्यायचा, बोल्ट आवळायचा. आणि मग उस्तादाची शेवटची शिकवण, डिस्ट्रीब्यूटरची मान आणि खालचं इंजिन या दोन्हींवर मिळून छिन्नीचा एक बारीक टोला. एक रेघ, अर्धी वर, अर्धी खाली. पुढे कधी शंका आली तर रेघ पाहायची. दोन्ही अर्ध्या जुळल्या म्हणजे कोणी हात लावला नाही. तीस-पस्तीस वर्षं मी ही रेघ मारत आलो.

या वेळी मी पुढे फिरवत गेलो आणि किणकिण येईना. आणखी फिरवलं. येईना. मी म्हणालो, नवी डबीही फुसकी निघाली. आणखी फिरवलं. गाडी जोरात निघाली खरी, पण फाट्यापर्यंत जाताजाता पाणी उकळायला लागलं. दुसऱ्या दिवशी बाजार होता. भाऊसिंग मागे बसला आणि म्हणाला, "दादा, बोनेटखाली बांगड्यावाली बसवली काय? एवढा खणखणाट काहून होऊन राह्यला?" मी म्हणालो, तुझ्या डोक्यात होत असेल. त्याच्या शेजारची बाईही म्हणाली, हो बापा, वाजून राह्यलं. मी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली, बोनेट उघडून कान लावला. काहीच नाही. इंजिन मखमलीसारखं. मी बोनेट आपटलं. मला वाटलं, सारे मिळून माझी चेष्टा करत आहेत.

दौलतराव, हे वाचताना तुम्हाला कशाची आठवण होत असेल ते मला कळतं. मलाही झाली. वाशीमपर्यंत आणि तिथून परत येईपर्यंत दुसरं काही डोक्यात नव्हतं.

त्र्याहत्तर सालची जयंती. चौदा एप्रिल. तुमच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती, गंगूला घेऊन तुम्ही आला होता. मोटारीला पताका, पुढे तसबीर, मागे सारी वस्ती आणि आजूबाजूच्या गावांचे लोक. मी पांढरा सदरा घालून स्टिअरिंगवर. मिरवणूक निघायच्या आधी तुम्ही जवळ आलात आणि हळूच म्हणालात, "मामा, इंजन किणकिणून राह्यलं. टायमिंग लय पुढं हाये, थोडं मागं घ्या, नाही तर पिस्टन जाईन." तुम्ही हळूच म्हणालात, हे आज मी मान्य करतो. लोकांना ऐकू जाईल असं मीच बोललो. मी म्हणालो, "मले तर काही आयकू येत नाही." तुम्ही स्क्रू पिळायचा लांब पेचकस घेतला, तुमचाच, लाल लाकडी मुठीचा, त्याचं टोक इंजिनाला टेकवलं आणि मूठ माझ्या कानाकडे केली. म्हणालात, "तुमी सोता आयका, मामा." मी तो तुमच्या हातातून हिसकावला आणि नालीत फेकला. चारशे लोकांसमोर मी जावयाला अरे-तुरे केलं. "तू डिझेलवाला, तू मले पेट्रोल शिकवतं काय? लबाड कुठचा. चार लोकांत आपली अक्कल दाखवायले आवाज काढून राह्यला." तरी तुम्ही मिरवणुकीत शेवटपर्यंत चाललात. आल्यावर कस्तुराबाईने ताट वाढलं होतं, त्याला हात जोडून तुम्ही उठलात. सासऱ्याच्या घरून जावई उपाशी उठला. गंगू तुमच्या मागोमाग निघाली, तिने मागे वळून पाहिलं नाही.

दीड महिन्यांनी मेडशीच्या घाटात पिस्टन जळाला. सवाऱ्या भर उन्हात उतरवाव्या लागल्या, गाडी दोन दिवस घाटात उभी होती. घरी आल्यावर लोकांनी विचारलं, काय झालं? आणि मी म्हणालो, जावयाने केलं. जयंतीच्या दिवशी राग आला म्हणून जाताजाता टायमिंगला हात घालून गेला. कोणी मला हे सुचवलं नव्हतं. मीच बोललो, आणि एकदा बोललो म्हणून पुन्हा पुन्हा बोललो. केनवडपासून वाशीमपर्यंत ज्याने विचारलं त्याला सांगितलं. अशी गोष्ट बसपेक्षा आधी पोचते. तुमच्या खामगावलाही पोचली. मग गंगूचं एकच पत्र आलं, "बाबा, ज्या घरी ह्यांले लबाड आन् खोडसाळ म्हनतात त्या घरचं पानी मी पेनार नाही." पुढे तिला दिवस गेले तेही आम्हाला दुसऱ्याकडून कळलं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत आहे. कस्तुराबाईने डिंक आणला, खोबरं आणलं, चार लुगड्यांची गोधडी शिवली. मी वाशीमहून पाळणा आणून आढ्याला टांगला. सातवा लागला, आठवा लागला, मग तुमचं कार्ड आलं. डिंकाला मुंग्या लागल्या. पाळण्यात सध्या कस्तुराबाईने लाल मिरच्या ठेवल्या आहेत, उंदरांपासून दूर राहतात म्हणून.

बाजारातून आलो त्या संध्याकाळी मी हत्यारांची पेटी उपसली. तळाशी तुमचा पेचकस होता. मिरवणुकीनंतर कस्तुराबाईनेच तो नालीतून काढून, धुऊन पेटीत ठेवला होता. मला तीन वर्षं माहीत होतं, मी त्याला हात लावला नव्हता. मी तिला म्हणालो, मोटारीत बस. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली पण ती कधी स्टिअरिंगसमोर बसली नव्हती. पदर खोचून बसली, पाय पोचेना, मी पाठीमागे गोधडी दिली. इंजिन सुरू करून मी समोर गेलो आणि हाताने खूण केली, दाब. तिने इतका दाबला की कोंबड्या पळाल्या. मग म्हणाली, "वाजलं."

मी म्हणालो, काय वाजलं?

"आजून काय. खडे वाजून राह्यले डब्यात."

मी ऐकलं. काहीच नव्हतं. पुन्हा दाब म्हणालो. पुन्हा ती म्हणाली वाजलं, आणि पुन्हा मला मखमल. तेव्हा पेचकसाचं टोक मी इंजिनाच्या माथ्याला टेकवलं आणि मूठ दातांत धरली, कानाजवळ नाही, दातांत, का ते मला सांगता येणार नाही. खूण केली. तिने दाबलं. दौलतराव, माझ्या दातांत खडे वाजले. कवटीत, जबड्यात, बारीक, कडक, स्पष्ट. मूठ सोडली की काही नाही. धरली की आहे. असं मी पाच-सहा वेळा केलं असेल. शेवटी तिनेच किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. किल्ली कुठे असते ते तिला ठाऊक होतं.

मग मला सगळं एकदम सुचत गेलं. सायकलची घंटी. घड्याळ. पडलेली स्प्रिंग. यंदा शेतात रातकिडे नाहीत म्हणून मी कपाशीवरच्या फवाऱ्याला शिव्या दिल्या होत्या. जाड आवाज मला येतो, बसचा, माणसांचा, भाऊसिंगचा तर येतोच. बारीक आवाज गेला आहे. केव्हा गेला ते मला कळलंच नाही, कारण गेल्याचा आवाज होत नाही. मी कस्तुराबाईला विचारलं, तुला ठाऊक होतं? ती म्हणाली, "जयंतीच्या बी आंधीपासून. मी चुलीपासून हाक मारनं सोडलं, तुमच्या तोंडापुढं येऊन बोलतो, ध्यानात नाही आलं?" मी म्हणालो, मग सांगितलं कायले नाही? ती मोटारीतून उतरली, पदर सोडला आणि म्हणाली, "जवायानं सांगतलं होतं नं. त्याले लबाड म्हनलं. मले बी म्हनलं असतं."

त्या दिवसापासून गाडी उभी आहे. लोक विचारतात, मी सांगतो टायमिंग लावायचं आहे. आता या पत्राचं खरं कारण लिहितो, यासाठीच दोन कागद फाडले. कान गेला होता म्हणून मी चुकलो, एवढंच लिहिलं असतं तर तुम्ही मला माफ केलं असतं, आणि ती माफी मी चोरली असती. मेडशीच्या घाटात पिस्टन जळाला त्या दिवशी सवाऱ्या झाडाखाली बसल्यावर मी सगळ्यात आधी डिस्ट्रीब्यूटरची मान पाहिली. छिन्नीची रेघ जुळलेली होती. केसभरही हललेली नव्हती. तुम्ही हात लावला नव्हता हे मला घाटातच कळलं होतं, गावात येऊन तुमचं नाव घेण्याच्या दोन दिवस आधी. ही गोष्ट कस्तुराबाईलाही मी सांगितलेली नाही, आता तुम्हाला सांगतो आहे. जयंतीला चोवीस दिवस आहेत. जुनी रेघ मी कानशीने घासून टाकली आहे आणि डिस्ट्रीब्यूटरचा बोल्ट सैल ठेवला आहे. दुसऱ्या कोणाला मी हात लावू देणार नाही. तुम्ही या, लोकांसमोर तुमच्या कानाने टायमिंग लावा, तुमच्या हाताने छिन्नी मारा, आणि त्या रेघेचं जे मी इथे लिहिलं ते मी त्याच लोकांपुढे उभा राहून बोलेन. गंगूला आणा, लीलाला आणा. मिरच्या मी पाळण्यातून आजच काढतो, पाळणा धुऊन उन्हात ठेवतो, म्हणजे तिखट डोळ्यांत जाणार नाही. पोरगी पाळण्यात मावत नसेल तर राहू द्या, तरी आणा. तिचा आवाज बारीक असेल, मला येईल की नाही ठाऊक नाही, लवकर आलात तर थोडा तरी येईल असं वाटतं. यायचं नसेल तरी नाही म्हणून दोन ओळी टाका, पण टाका, मी लावला तसा वेळ लावू नका. आणि आलात तर, मेहकरहून येणाऱ्या दुपारच्या बसला मी रोज फाट्यावर उभा असतो. उतरल्यावर लांबून हाक मारू नका. हात वर करा.

तुमचाच,
इंद्रभान